फ्रँचायझीचं रिन्यूअल: क्लॉज कसा वाचायचा आणि नोटीस कधी द्यायची

नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा नाशिकरोडला चहाचं आउटलेट, आइस्क्रीम पार्लर, प्री-स्कूल किंवा पॅथॉलॉजीचं कलेक्शन सेंटर फ्रँचायझीवर घेताना सगळं लक्ष फी, डिपॉझिट आणि जागेवर असतं. मुदत संपल्यावर काय होणार, हे सांगणारा क्लॉज करारात कुठेतरी मागच्या पानांवर असतो आणि तो वाचला जातो शेवटच्या दोन महिन्यांत. बहुतेक वेळा तोपर्यंत उशीर झालेला असतो.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. मुदत संपल्यावर फ्रँचायझीधारकाला आपोआप काही मिळेल, अशी तरतूद कुठल्याही कायद्यात नाही. लागू होतो तो १८७२ चा भारतीय करार कायदा, आणि तो मुख्यतः एकच विचारतो: तुम्ही दोघांनी कागदावर काय लिहिलंय? म्हणून रिन्यूअलचं काम सुरू होतं ते करार शब्दाशब्दाने वाचण्यापासून. (या लेखात ‘क्लॉज’ म्हणजे तुमच्या करारातला परिच्छेद आणि ‘कलम’ म्हणजे कायद्यातलं कलम.)

पायरी १: सगळे कागद एका फाइलमध्ये आणा

मूळ करार, त्याची परिशिष्टं, नंतर झालेले पुरवणी करार म्हणजे अ‍ॅडेंडम, कंपनीची पत्रं आणि ऑपरेशन्स मॅन्युअल, सगळं एकत्र हवं. मॅन्युअल विसरू नका. ‘कंपनीच्या वेळोवेळी ठरणाऱ्या मानकांनुसार’ असं करारात असलं की ती मानकं मॅन्युअलमध्येच सापडतात.

करार देताना सेल्सच्या माणसाने ‘रिन्यूअल होतंच हो, काळजी नको’ असं सांगितलं असेल, तर त्यावर विसंबू नका. जवळपास प्रत्येक करारात ‘एन्टायर अ‍ॅग्रीमेंट’ क्लॉज असतो: जे काही ठरलंय ते या कागदात आहे, बाहेरचं काही धरायचं नाही. शिवाय लेखी कराराच्या अटी तोंडी बोलण्याने बदलता येत नाहीत, हे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९५ मध्ये आहे.

पायरी २: मुदत नक्की कधी संपते?

प्रश्न सोपा वाटतो, पण चुका इथूनच सुरू होतात. एका करारात तीन तारखा असू शकतात: सहीची, ‘इफेक्टिव्ह डेट’ आणि दुकान सुरू झाल्याची. समजा सही १२ ऑगस्ट २०२२ ला झाली आणि आउटलेट १ ऑक्टोबर २०२२ ला उघडलं. मुदत सहीपासून पाच वर्षं असेल तर ती ११ ऑगस्ट २०२७ ला संपते. उघडल्यापासून असेल तर ३० सप्टेंबर २०२७ ला. मध्ये सात आठवड्यांचा फरक आहे. व्याख्यांच्या क्लॉजमध्ये ‘टर्म’ आणि ‘कमेन्समेंट डेट’ हे शब्द शोधा. उघडल्याची तारीख लागू असेल तर ती सिद्ध करणारा कागद काढून ठेवा: कंपनीचं पत्र, पहिलं बिल किंवा पहिलं रॉयल्टी इनव्हॉइस.

पायरी ३: हक्क आहे की विनंती?

पूर्ण लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही. रिन्यूअलचे क्लॉज ढोबळमानाने चार तऱ्हांचे असतात आणि तऱ्हा ओळखता येते क्रियापदावरून.

‘फ्रँचायझी शॅल हॅव द ऑप्शन टू रिन्यू’ असं असेल तर तो पर्याय तुमचा. अटी पाळल्या आणि वेळेत नोटीस दिली, की कंपनी बांधली जाते. ‘कंपनी मे, अ‍ॅट इट्स सोल डिस्क्रिशन, रिन्यू’ असं असेल तर तो हक्क नाही. तुम्ही मागू शकता; ‘हो’ म्हणायचं की नाही ते कंपनीच्या हातात. पाच वर्षं उत्तम धंदा दिला, हा तिथे मुद्दा होत नाही.

तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी: ‘रिन्यूएबल बाय म्युच्युअल कन्सेंट, ऑन म्युच्युअली अ‍ॅग्रीड टर्म्स’. वाचायला गोड, कायद्याने जवळजवळ पोकळ. पुढे ठरवू असं ठरवणं म्हणजे करार होत नाही, आणि ज्याचा अर्थ निश्चित नाही किंवा निश्चित करताही येत नाही असा करार करार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे निरर्थक ठरतो. चौथी तऱ्हा उलटी आहे: ‘शॅल स्टँड ऑटोमॅटिकली रिन्यूड अनलेस’. इथे गप्प बसलात तर आणखी पाच वर्षं अडकता. बाहेर पडायचं असेल तर नको असल्याची नोटीस द्यावी लागते, तीही ठरल्या मुदतीत.

क्लॉज वाचताना त्याच्या आधी-नंतरचे दोन शब्दप्रयोगही बघा: ‘सब्जेक्ट टू’ (अमुक क्लॉजच्या अधीन) आणि ‘नॉटविथस्टँडिंग’ (इतर क्लॉजमध्ये काहीही असलं तरी). रिन्यूअलचा क्लॉज ‘सब्जेक्ट टू क्लॉज १८’ असेल आणि क्लॉज १८ कंपनीला कोणतंही कारण न देता ६० दिवसांत करार संपवायची मुभा देत असेल, तर तुमचा पर्याय त्या ६० दिवसांइतकाच भक्कम. अर्थ संदिग्ध असेल तर तो मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, असा एक जुना नियम आहे. पण दोन व्यावसायिकांमधल्या करारात न्यायालयं तो फार ताणत नाहीत. त्याच्या भरवशावर राहू नका.

आता पुढच्या पायऱ्यांसाठी पहिल्या तऱ्हेचा एक नमुना समोर ठेवू. असे करार इंग्रजीत असतात. मराठीत त्याचा आशय असा:

*‘फ्रँचायझीधारकाला, मुदत संपण्याआधी किमान १८० दिवस लेखी नोटीस देऊन, आणखी एका पाच वर्षांच्या मुदतीसाठी करार रिन्यू करण्याचा पर्याय राहील, मात्र नोटिशीच्या दिवशी आणि मुदत संपण्याच्या दिवशी त्याच्याकडून कोणताही डिफॉल्ट (थकबाकी किंवा अटीचा भंग) नसावा, त्याने कंपनीच्या तेव्हाच्या मानकांप्रमाणे दुकानाचं नूतनीकरण केलेलं असावं, रिन्यूअल फी भरावी आणि कंपनीच्या तेव्हा चालू असलेल्या नमुन्यातल्या करारावर सही करावी.’*

पायरी ४: दिवस मोजा, हाताने

मुदत ३० सप्टेंबर २०२७ ला संपते असं धरू. ‘१८० दिवस’ म्हणजे ‘सहा महिने’ असं समजून चालणारे बरेच जण आहेत. मोजून बघा. सहा महिने मागे गेलं की ३० मार्च २०२७ येतो. १८० दिवस मागे गेलं की ३ एप्रिल येतो (एप्रिलचे २७, मेचे ३१, जूनचे ३०, जुलै-ऑगस्टचे ३१-३१, सप्टेंबरचे ३०). करारात ‘सहा महिने’ लिहिलेलं असताना तुम्ही १८० दिवस मोजलेत तर चार दिवस उशीर होतो. त्यात ‘किमान’ किंवा ‘नॉट लेस दॅन’ या शब्दांमुळे दोन्ही टोकांचे दिवस सोडून मोजायचं का, असा वाद निघू शकतो. म्हणजे आणखी एक दिवस गेला. आणि ३ एप्रिल २०२७ हा शनिवार आहे, कंपनीचं ऑफिस बंद असू शकतं.

एवढा किस का काढायचा? कारण पर्याय वापरण्याच्या मुदतीत सवलत नसते. जमीन भाड्याने घेतलेल्या कॅलटेक्स कंपनीने रिन्यूअलची नोटीस उशिरा दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कॅलटेक्स विरुद्ध भगवान देवी मारोडिया (१९६९) या निकालात सांगितलं, की रिन्यूअलचा पर्याय ठरल्या वेळेतच वापरावा लागतो आणि विशेष परिस्थिती असल्याशिवाय उशीर माफ होत नाही. पर्याय ही एक सवलत आहे; ती घ्यायची तर ज्या शर्तीवर दिली आहे, ती काटेकोर पाळायची.

काही करारांत खिडकीच्या दोन्ही बाजू बंद असतात: ‘१२ महिन्यांच्या आधी नाही आणि सहा महिन्यांनंतर नाही’. अशा वेळी फार लवकर दिलेली नोटीसही बाद होते.

शेवटची गोष्ट, नोटीस ‘दिल्याचा’ दिवस कोणता? पाठवल्याचा की पोचल्याचा? नोटीस क्लॉज बघा. ‘ऑन रिसीट’ असेल तर पोचल्याचा. शंका असेल तर पोचल्याचाच धरा. वरच्या उदाहरणात नोटीस फेब्रुवारी २०२७ संपायच्या आत कंपनीच्या हातात पडलेली बरी. मार्चअखेर कुठल्याही कंपनीत वर्ष बंद करायची घाई असते. तुमचं पाकीट तिथे पडून राहायला नको.

पायरी ५: अटी सुट्या करा आणि प्रत्येकीला पुरावा जोडा

एका कागदावर दोन रकाने आखा: डावीकडे अट, उजवीकडे ती पाळल्याचा कागद.

‘डिफॉल्ट नसावा’ ही अट नमुन्यात दोन दिवशी तपासली जाते: नोटिशीच्या आणि मुदत संपण्याच्या. कंपनीकडून खातेउतारा मागवा, आपल्या टॅलीशी जुळवा आणि फरक लेखी मिटवा. रॉयल्टीवरचं उशिराचं व्याज, जाहिरात फंडाचं राहिलेलं योगदान, टीडीएसच्या सर्टिफिकेटवरून अडकलेली रक्कम: तीन-चार हजारांची बाकीसुद्धा तांत्रिकदृष्ट्या डिफॉल्ट असते. करारात ‘मटेरियल डिफॉल्ट’ असेल तर थोडी मोकळीक आहे. ‘एनी डिफॉल्ट’ असेल तर नाही. जुन्या ऑडिटमध्ये शेरे असतील तर ते निकाली निघाल्याचा ईमेल मागून घ्या. कंपनीने तेव्हा काही म्हटलं नाही म्हणजे सोडून दिलं, असं समजू नका. ‘नो वेव्हर’ क्लॉज त्यासाठीच असतो.

‘तेव्हाच्या मानकांप्रमाणे नूतनीकरण’ ही खर्चिक अट. खर्चाची कमाल मर्यादा करारात आहे का? डिझाइन कोण देणार, ठेकेदार कोण? डिझाइन कंपनीकडून यायचं असेल तर ते लेखी मागा आणि तारीख टाका. कंपनीने डिझाइनच दिलं नाही आणि मग ‘काम झालं नाही’ म्हटलं, तर करार कायद्याचं कलम ६७ तुमच्या बाजूने उभं राहतं: ज्याच्यासाठी काम करायचं तोच सोय करून देत नसेल, तर न केल्याचा दोष करणाऱ्यावर येत नाही. कायद्यात दिलेलं उदाहरणही घराच्या दुरुस्तीचं आहे. घरमालकाने कुठे दुरुस्ती करायची ते दाखवलंच नाही, तर दुरुस्ती करणारा सुटतो. पण मागणीचा कागद असेल तरच याचा उपयोग.

नाशिकच्या लोकांनी २०२७ साठी एक गोष्ट खास लक्षात घ्यावी. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. पंचवटी, मेनरोड, द्वारका या भागात त्या काळात दुकान बंद ठेवून फर्निचर बदलणं म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा धंदा सोडणं, आणि बंदोबस्तात माल आणणंही अवघड. मुदत त्याच सुमारास संपत असेल तर नूतनीकरणाची तारीख नव्या मुदतीच्या पहिल्या सहा महिन्यांत ढकलण्याची मागणी आत्ताच करा. कंपनीने मान्य केलं तर दोघांच्या सहीचं अ‍ॅडेंडम करा. एरिया मॅनेजरचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा पुरेसा नाही.

पायरी ६: ‘तेव्हा चालू असलेल्या नमुन्यातला करार’

इंग्रजीत ‘देन-करंट फॉर्म’. याचा अर्थ तुमचा जुना करार पुढे चालू राहत नाही. रॉयल्टी, क्षेत्र, किमान खरेदी, सगळं नवीन. तो नमुना नोटिशीच्या आधी मागून घ्या आणि जुन्याशी क्लॉजमागून क्लॉज ताडून बघा. विशेषतः ‘एक्स्क्लुझिव्ह टेरिटरी’ नव्या नमुन्यात गायब झालेली असते. जुन्या करारात तुमच्या दुकानापासून तीन किलोमीटर राखीव असतील आणि नव्यात नसतील, तर पुढच्याच चौकात दुसरं आउटलेट उघडू शकतं.

मग हिशेब मांडा. समजा महिन्याची विक्री ४,५०,००० रुपये आहे आणि रॉयल्टी ४ वरून ६ टक्के होणार. फरक महिना ९,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १०,६२०. चहा-नाश्त्याचं आउटलेट रेस्टॉरंटच्या ५ टक्के जीएसटीत असेल तर इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, म्हणून हा १८ टक्के तुमचा निव्वळ खर्च. पाच वर्षांत ६,३७,२०० रुपये. रिन्यूअल फी दोन लाख, जीएसटीसह २,३६,०००. नूतनीकरण सहा लाख. एकूण १४,७३,२०० रुपये, ६० महिन्यांत महिन्याला सुमारे २४,५५० रुपये. हा आकडा आजच्या नफ्यातून वजा करा आणि मगच रिन्यूअल हवं की नको ते ठरवा.

पायरी ७: जागेचा करार

पाच वर्षांचं रिन्यूअल मागताय आणि गाळ्याचं लिव्ह अँड लायसन्स १४ महिन्यांत संपतंय, ही विसंगती कंपनी लगेच पकडते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने सक्तीचं आहे. गाळामालकाशी आधी बोला आणि दोन्ही मुदती एकाच महिन्यात संपतील अशा बसवा. प्री-स्कूल असेल तर मुदत शैक्षणिक वर्षाशी जुळवा: पालकांकडून वर्षाची फी घेतलेली असताना ३० सप्टेंबरला ब्रँड जाणं परवडत नाही. तेवढ्यापुरती एप्रिलअखेरपर्यंत मुदतवाढ मागता येते.

पायरी ८: नोटीस लिहिणे आणि पाठवणे

नोटीस छोटी असावी आणि बिनशर्त असावी. ‘रॉयल्टी ४ टक्केच ठेवणार असाल तर आम्ही रिन्यू करतो’ असं लिहिलंत की ती पर्याय वापरल्याची नोटीस राहत नाही, उलटा प्रस्ताव होतो. स्वीकार हा निर्भेळ आणि बिनशर्त हवा, असं करार कायद्याचं कलम ७ सांगतं. सवलती मागायच्या असतील तर वेगळं पत्र लिहा, वेगळ्या तारखेला.

मजकूर एवढा पुरे:

*‘दिनांक १२ ऑगस्ट २०२२ च्या फ्रँचायझी करारातील क्लॉज ४.२ नुसार आम्ही १ ऑक्टोबर २०२७ पासून पाच वर्षांसाठी करार रिन्यू करण्याचा पर्याय या नोटिशीद्वारे वापरत आहोत. आजच्या तारखेला आमच्याकडून कोणतीही रक्कम बाकी नाही; खातेउतारा सोबत जोडला आहे. नूतनीकरणाचं डिझाइन आणि चालू नमुन्यातला करार ३० दिवसांत पाठवावा.’*

सही कराराच्या पक्षाचीच हवी. करार भागीदारी संस्थेच्या नावावर असेल तर नोटीस भागीदाराने संस्थेच्या वतीने द्यावी. पत्ता करारातला, कंपनीचं ऑफिस हललं असेल तर दोन्ही पत्त्यांवर पाठवा. जुन्या करारात ‘रजिस्टर्ड पोस्ट एडी’ लिहिलेलं असतं. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे, म्हणून स्पीड पोस्टला नोंदणीची सेवा जोडून पाठवा. पावती आणि ट्रॅकिंगचं पान जपून ठेवा. ईमेलही करा, पण नोटीस क्लॉज ईमेलला मान्यता देत नसेल तर केवळ ईमेलवर थांबू नका. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप पुढे कोर्टात दाखवायचं झालं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन आणि मेलबॉक्स पुसू नका.

पायरी ९: उत्तर आलं नाही, किंवा ‘नाही’ आलं

मुदत संपली, कंपनी माल पाठवतेय, रॉयल्टी घेतेय, आणि कागद काहीच नाही. ही स्थिती फार जणांची असते आणि ती धोक्याची असते. गाळ्याच्या भाडेपट्ट्यात मालकाने भाडं घेत राहिलं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ चा आधार मिळू शकतो. फ्रँचायझीला तसा आधार नाही. वागण्यावरून फार तर कधीही थांबवता येईल अशी व्यवस्था चालू आहे, एवढंच म्हणता येतं. दर तीन महिन्यांची का होईना, लेखी मुदतवाढ घ्या. ‘मुदतवाढ’ आणि ‘रिन्यूअल’ वेगळे आहेत हेही ध्यानात ठेवा: मुदतवाढीत जुनाच करार पुढे सरकतो, रिन्यूअलमध्ये नवा करार जन्मतो.

कंपनीने नकार दिला तर पहिलं काम, नकाराचं कारण लेखी मागणं. दुसरं, वाद कुठे चालवायचा ते बघणं. लवाद क्लॉज असेल आणि ‘सीट’ (लवादाचं कायदेशीर ठिकाण) दिल्ली असेल तर तातडीच्या मनाईसाठी लवाद कायदा, १९९६ च्या कलम ९ चा अर्ज दिल्लीत करावा लागतो, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात नाही. लवाद नसेल तर व्यावसायिक न्यायालय कायदा, २०१५ लागतो. त्यात फ्रँचायझी करारांचा उल्लेख नावानिशी आहे आणि तीन लाखांपासूनचे वाद त्यात येतात. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर त्याच कायद्याच्या कलम १२-अ ची मध्यस्थी दाव्याआधी बंधनकारक आहे.

न्यायालय कंपनीला जबरदस्तीने रिन्यू करायला लावेल, ही अपेक्षा मात्र कमी ठेवा. जो करार मुळातच संपवता येण्याजोगा आहे त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम १४ प्रमाणे होत नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस (१९९१) मध्ये गॅस वितरकाची एजन्सी चुकीच्या पद्धतीने काढली गेली होती. तरी ३० दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येत होता म्हणून भरपाई त्या ३० दिवसांच्या कमाईइतकीच धरली गेली. म्हणून तडजोडीची जागा नोटिशीच्या आधीच्या वर्षात असते. ताकद तेव्हा असते. विक्रीचे आकडे, गिऱ्हाइकांची यादी आणि हातात असलेला गाळा हे तिचे आधार.

बाहेर पडावं लागलं तर मुदत संपल्यानंतर ‘दोन वर्षं हा धंदा करायचा नाही’ ही अट करार कायद्याच्या कलम २७ मध्ये टिकणं कठीण आहे. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला (१९९५) मध्ये करार चालू असतानाचं बंधन वैध ठरलं. परसेप्ट डी’मार्क विरुद्ध झहीर खान (२००६) मध्ये मुदतीनंतरचं बंधन वैध ठरलं नाही. पण ब्रँडचं नाव, रंगसंगती, मेन्यूकार्ड, गूगल मॅपवरचं नाव आणि ऑनलाइन डिलिव्हरी अ‍ॅपवरची नोंद त्याच दिवशी काढा. मुदतीनंतर बोर्ड राहिला तर ट्रेडमार्कचं उल्लंघन होतं आणि तिथे कंपनीला मनाई चटकन मिळते.

पायरी १०: नव्या करारावर सही करण्याआधी

रिन्यूअल हा नवा दस्त, म्हणून स्टॅम्पही नवा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, पण रक्कम ठरलेल्या करारांना टक्केवारीने ड्यूटी लागू शकते. सीएला किंवा वकिलाला महाराष्ट्र मुद्रांक (स्टॅम्प) कायद्याचा अनुच्छेद ५ दाखवून विचारा. कमी स्टॅम्पचा करार दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही.

नव्या करारात पुढच्या रिन्यूअलचा क्लॉज आहे का, हे शेवटी तपासा. ‘आणखी एका मुदतीसाठी’ असं लिहिलं असेल तर एकदाच. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध लालजी टंडन (२००४) या भाडेपट्ट्याच्या निकालात, नव्या पट्ट्यात रिन्यूअलचा क्लॉज पुन्हा येतो की नाही, हे पक्षांचा हेतू आणि परिस्थिती बघून ठरतं, असं न्यायालयाने सांगितलं. दुसऱ्या मुदतीनंतरही दुकान चालवायचं असेल तर तो क्लॉज आत्ता, सहीच्या आधी, ‘शॅल’ या शब्दासह लिहून घ्या आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये नोटिशीची तारीख त्याच दिवशी टाका.